मुलाच्या पोटदुखीचे निदान ‘आयबीएस’ असे झाले आहे. घरी आणि शाळेत त्याला कसे सांभाळावे?

सोनटक्का (नाशिक) यांचा प्रश्न:

माझा मुलगा दहा वर्षांचा असून पाचवीत शिकतो. गेल्या पावसाळ्यात त्याला गॅस्ट्रो झाला, सलाइन लावावे लागले आणि आठवडाभरात तो हिंडूफिरू लागला. परंतु तेव्हापासून पोटाचे दुखणे मात्र मागे लागले आहे. आठवड्यातून दोन-तीन वेळा, बहुधा सकाळी शाळेची तयारी चालू असतानाच, बेंबीभोवती कळ येते, तो गुडघे पोटाशी घेऊन न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून राहतो, चेहरा उतरतो, आणि शौचाला होऊन गेले की त्याला बरेचसे मोकळे वाटते. शौच कधी लेंड्यांसारखे कडक असते, तर कधी अगदी पातळ. वजन आणि उंची व्यवस्थित वाढत आहे, ताप नाही, रक्त पडत नाही.

आमच्या बालरोगतज्ज्ञांनी रक्ताची, शौचाची आणि सिलियाक रोगाची (गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराची) तपासणी करून घेतली आणि सोनोग्राफीही झाली. सोनोग्राफीच्या अहवालात पोटातील लसिकाग्रंथी (संसर्गाशी लढणाऱ्या छोट्या गाठी) सहा-सात मिलिमीटरच्या दिसतात असे लिहिले आहे. बाकी सर्व ठीक आहे. त्यावरून त्यांनी ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ (आयबीएस) असे निदान केले. सासूबाईंना हे जंतांमुळे किंवा दृष्ट लागल्यामुळे वाटते. रविवारी त्रास कमी असतो, म्हणून यजमानांना ते शाळा टाळण्याचे निमित्त वाटते. एका नातेवाइकांनी तर ‘गाठी म्हणजे टीबी’ असे सांगून आमची झोपच उडवली. सगळे अहवाल चांगले असताना इतके दुखू शकते का, दूध आणि गहू बंद करावेत का, आणि कळ आल्यावर मी त्याच्याशी नेमके कसे वागावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

बकुळ (बालरोगतज्ज्ञ, पुणे) यांचे उत्तर:

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठामपणे देतो: होय, अहवाल चांगले असतानाही इतके दुखू शकते आणि ते दुखणे खरे असते. मूल नाटक करत आहे असा त्याचा अर्थ घरातील कोणीही काढू नये. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे जॉन ॲपली या बालरोगतज्ज्ञांनी शाळकरी मुलांची पाहणी करून १९५८ साली दाखवून दिले होते की, सुमारे दहापैकी एका मुलाला वारंवार पोटदुखी होते आणि त्यांतील बहुसंख्य मुलांत शोधूनही कोणतीही इजा किंवा सूज सापडत नाही. आपला मुलगा या अर्थाने एकटा नाही.

अशा विकारांच्या निदानासाठी जगभर ‘रोम’ नावाचे निकष वापरतात; येथे २०१६ साली प्रसिद्ध झालेले निकष सांगतो. महिन्यातून किमान चार दिवस पोटात दुखत असेल, त्या दुखण्याचा संबंध शौचाशी अथवा शौचाच्या वेळा व स्वरूप बदलण्याशी असेल, हे किमान दोन महिने चालले असेल आणि योग्य तपासणीनंतर दुसऱ्या कोणत्याही आजाराने त्याचा उलगडा होत नसेल, तर मुलांमध्ये हे निदान केले जाते. यात एक अट अशी आहे की, मूल बद्धकोष्ठाने त्रस्त असेल तर आधी बद्धकोष्ठावर उपचार करावा. तेवढ्याने दुखणे थांबले तर तो आयबीएस नव्हे. आपण लेंड्यांसारख्या शौचाचा उल्लेख केला आहे, म्हणून हा मुद्दा आपल्या डॉक्टरांशी बोलताना अवश्य काढा. वरून पातळ होते म्हणजे आत मळ साचलेला नाही असे मुलांच्या बाबतीत समजता येत नाही, कारण साचलेल्या कडक मळाच्या बाजूने पातळ मळ झिरपू शकतो.

आता आत काय घडते ते पाहू. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचे स्वतःचे एक मोठे जाळे असते आणि त्याची मेंदूशी दोन्ही दिशांनी सतत देवाणघेवाण चालू असते. आयबीएसमध्ये हे जाळे अतिसंवेदनशील होते. उन्हाने पोळलेल्या पाठीला साधा सदरा जसा सोसत नाही, तसे या आतड्याला एरवी जाणवणारही नाही एवढा वायू किंवा मळाचा ताण सोसत नाही. आपल्याकडे गॅस्ट्रोचा जो इतिहास आहे तो येथे फार महत्त्वाचा आहे, कारण आतड्याच्या जंतुसंसर्गानंतर संसर्ग बरा होऊनही ही संवेदनशीलता मागे राहू शकते. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातल्या वॉकर्टन गावी २००० सालच्या मे महिन्यात पिण्याचे पाणी दूषित होऊन दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले होते. त्या वेळी आजारी पडलेल्या मुलांवर पुढे अनेक वर्षे लक्ष ठेवले गेले, तेव्हा त्यांच्यात आयबीएसचे प्रमाण आजारी न पडलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे जास्त आढळले.

लसिकाग्रंथींबद्दल मनातील भीती काढून टाका. निरोगी मुलांच्या सोनोग्राफीतही त्या नेहमी दिसतात आणि आठ मिलिमीटरपर्यंतची रुंदी सामान्यतः निर्धोक धरली जाते. जुलाब किंवा घशाचा संसर्ग होऊन गेल्यावर त्या आणखी ठळक दिसतात. पोटाच्या क्षयरोगात वजन घटते, ताप रेंगाळतो, भूक जाते, पोट फुगते आणि ग्रंथींचे स्वरूपही वेगळे दिसते. केवळ अहवालातील त्या एका ओळीवरून क्षयाची औषधे सुरू झालेली मुले मी पाहिली आहेत आणि दर वेळी वाईट वाटते. जंतांचे म्हणाल, तर शासनाच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी, म्हणजे फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, शाळेत अल्बेंडाझोलची गोळी मिळते, ती त्याने जरूर घ्यावी. पण ती घेऊनही दुखणे चालूच असेल आणि शौचाची तपासणी स्वच्छ असेल, तर पुन्हा पुन्हा जंताचे औषध देत राहण्यात अर्थ नाही.

रविवारी त्रास कमी का होतो, याचा खुलासा आपल्या यजमानांसाठी मुद्दाम करतो. न्याहारी पोटात गेली की मोठे आतडे आपोआप हालचाल करू लागते. ही सर्वांच्याच शरीरातील प्रतिक्षिप्त क्रिया आहे. शाळेच्या दिवशी नेमक्या त्याच वेळी व्हॅनचा हॉर्न वाजतो, मूल घाईघाईने घास गिळते, शौचाला निवांत बसायला वेळ नसतो, आणि ताण आला की मेंदूकडून आतड्याला जाणारे संदेशही तीव्र होतात. रविवारी यांतले काहीच नसते. तेव्हा रविवारी बरे असणे हा मुलाच्या खोटेपणाचा पुरावा नाही. उलट तो या आजाराच्या स्वभावाला धरूनच आहे.

पुढील लक्षणांपैकी एक जरी दिसले तरी मात्र पुन्हा डॉक्टरांकडे जावे आणि गरज भासल्यास बालपोटविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा: वजन कमी होणे किंवा उंची खुंटणे, शौचातून रक्त, गाढ झोपेतून दुखण्याने अथवा जुलाबाने जाग येणे, वारंवार किंवा हिरवट उलट्या, कारण न सापडणारा ताप, सांधे सुजणे, तोंडात सतत व्रण, गुदद्वाराजवळ गळू किंवा भगेंद्र, बेंबीपासून दूर एकाच जागी, विशेषतः उजव्या बाजूला खाली दुखणे, आणि घरात कोणाला आतड्याच्या सुजेचा आजार अथवा सिलियाक असणे.

अबोली (आहारतज्ज्ञ, ठाणे) यांचे उत्तर:

दूध आणि गहू दोन्ही एकदम बंद करू नका, अशी कळकळीची विनंती आहे. वाढत्या वयाच्या मुलाच्या ताटातून एकामागून एक पदार्थ उचलले जातात, शेवटी मऊ भात आणि बिस्किटे उरतात, आणि मग मूल रोडावते; शिवाय आपल्याला काहीही सोसत नाही ही भीती त्याच्या मनात घर करते. सिलियाकची तपासणी मुलगा गहू खात असतानाच झालेली आहे ना, एवढे पाहा. गहू बंद केल्यानंतर ती केली तर अहवाल फसवा येऊ शकतो.

मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात विकसित झालेल्या ‘फॉडमॅप’ आहाराबद्दल आपण कोठेतरी वाचले असेलच. आतड्यात नीट न शोषली जाणारी आणि तेथील जिवाणूंमुळे आंबून वायू करणारी काही कर्बोदके तेवढी कमी करावयाची, असे त्याचे तत्त्व आहे. आपल्या स्वयंपाकात कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, दूध, सफरचंद, आंबा ही त्यांची ठळक उदाहरणे होत. तथापि हा आहार काही आठवड्यांपुरता, आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली आणि प्रत्येक पदार्थ परत सुरू करून पाहण्याच्या तयारीनेच करावा. मुलांच्या बाबतीत तर ती पहिली पायरी नव्हेच.

पहिली पायरी म्हणून दोन आठवडे वही ठेवा. काय खाल्ले, केव्हा दुखले, शौच कसे झाले आणि त्या दिवशी शाळेत किंवा घरी विशेष काय होते, एवढेच त्यात लिहावे, आणि ते मुलाला दिवसभर विचारत न बसता रात्री तुम्ही स्वतः लिहावे. त्यातून दुधाचा संशय बळावलाच, तर फक्त दूध दोन आठवडे थांबवून पाहावे आणि फरक न पडल्यास पूर्ववत सुरू करावे. दूध सोसत नसलेल्या बऱ्याच मुलांना ताजे दही आणि ताक चालते, कारण विरजण लागताना दुधातील साखर काही प्रमाणात कमी होते.

डब्याचा विचार वेगळा करावा लागतो. मधली सुट्टी तोकडी असते, मुले बोलत बोलत भराभर गिळतात आणि त्याबरोबर हवाही गिळली जाते. ज्वारीची मऊ भाकरी तुपात कुस्करून, मूगडाळीची खिचडी, नाचणीचे घावन, दहीभात, भोपळ्याची किंवा दुधीची भाजी हे पदार्थ बहुतेकांना सोसतात. पाकिटबंद फळांचे रस, शीतपेये आणि साखरविरहित च्युइंगम मात्र टाळावेत. च्युइंगममधील सॉर्बिटॉल पोटात वायू धरतो आणि शौच पातळ करतो. तंतुमय पदार्थांचे प्रमाण ठरवताना मुलाच्या वयात पाच मिळवावेत, म्हणजे आपल्या मुलाला दिवसाला साधारण १५ ग्रॅम, असा एक सोपा हिशेब आहे. पण ते हळूहळू वाढवावे आणि सोबत पाणीही वाढवावे, नाहीतर पोट फुगून दुखणे वाढते. इसबगोल द्यायचे झाल्यास डॉक्टरांना विचारून आणि भरपूर पाण्याबरोबरच द्यावे.

केवडा (सातारा) यांचे उत्तर:

माझी मुलगी आता महाविद्यालयात आहे. आठ वर्षांची असल्यापासून तिला हा त्रास होता. आपल्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल आमच्या समुपदेशकांनी सांगितलेले येथे लिहिते, कारण आमच्या घरात खरा फरक त्याने पडला.

अमेरिकेत लिन वॉकर यांच्या गटाने २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना पोट तट्ट होईपर्यंत पाणी प्यायला दिले, म्हणजे थोडी अस्वस्थता मुद्दाम निर्माण केली. त्यानंतर काही पालकांनी मुलाची सहानुभूतीने विचारपूस करत राहायचे आणि काहींनी बोलण्याचा विषय दुसरीकडे वळवायचा, असे ठरवून दिले होते. विचारपूस झालेल्या मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या आणि मन दुसरीकडे वळवलेल्या मुलांच्या तक्रारी निम्म्यावर आल्या. पालकांना मात्र विषय वळवणे मुलाच्या दृष्टीने वाईट ठरेल अशी धास्ती वाटत होती. मुलांना स्वतःला तसे अजिबात वाटले नव्हते. हे ऐकून मला फार धीर आला, कारण विषय बदलणे म्हणजे मुलीकडे दुर्लक्ष करणे असे मी मानत होते.

म्हणून आमच्याकडे ठरले ते असे. ‘आज दुखतंय का?’ हा प्रश्न घरात कोणीही विचारायचा नाही, अगदी फोनवरून मावशीनेसुद्धा नाही. तिने स्वतःहून सांगितले तर एकदाच म्हणायचे, ‘हो गं बाळा, दुखतंय ते कळतंय मला, थोड्या वेळात ओसरेल’, आणि लगेच ठरलेल्या गोष्टी करायच्या: गरम पाण्याची पिशवी, पोटावर हात ठेवून सावकाश श्वास, आणि त्याबरोबर एखादे काम, उदाहरणार्थ मटार सोलणे किंवा धाकट्या भावाला गोष्ट वाचून दाखवणे. श्वास घेताना हात वर आला पाहिजे आणि सोडताना खाली गेला पाहिजे. छाती हलता कामा नये. हे तिला दुखत नसतानाच रोज झोपण्यापूर्वी शिकवले होते, त्यामुळे कळ आल्यावर ते नव्याने सांगावे लागत नसे.

घरी राहिली तर त्या दिवशी टीव्ही नाही, मोबाइल नाही आणि वेगळा खाऊही नाही. अंथरुणावर विश्रांती घ्यायची आणि बरे वाटताच उरलेल्या तासांना शाळेत जायचे. यात शिक्षेचा भाग काहीच नव्हता. आजारी असताना दिवस जास्त मजेचा होऊ नये, एवढीच काळजी होती. तसेच सकाळी सर्वांनीच अर्धा तास आधी उठायचे ठरवले. न्याहारी झाल्यावर ती दहा मिनिटे शौचाला बसत असे, पाय टेकायला खाली पाट असे आणि दारावर कोणी थाप मारायची नाही असा नियम होता.

आजींचा मान राखूनच हे सारे करता येते, हेही सांगते. माझ्या सासूबाई दृष्ट काढत, ती काढू द्यावी. त्यात त्यांचा जीव असतो आणि मुलीलाही बरे वाटते. फक्त दिवसातून दहा वेळा पोट चाचपून पाहणे थांबवावे, एवढे मी त्यांना विनवले आणि त्यांनी ते आनंदाने मानले.

सोनटक्का यांचा प्रतिसाद:

आपणा तिघांचेही मनापासून आभार. बकुळ यांचा रविवारचा खुलासा मी यजमानांना वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचून घेतला आणि सकाळी मुलाला शाळेत स्वतः सोडण्याचे कबूल केले, म्हणजे व्हॅनची घाई राहणार नाही. आता दोन गोष्टी विचारते. मुलगा शाळेत दिवसभर शौचालयात जातच नाही. वर्गात हात वर करून सांगायची त्याला लाज वाटते आणि तेथे घाण असते असे तो म्हणतो. दुसरे म्हणजे, आम्हाला पेटके कमी करणारे औषध आणि प्रोबायोटिक (आतड्याला उपकारक जिवाणूंचे औषध) लिहून दिले आहे. ते किती दिवस द्यावे लागेल आणि हा त्रास कायमचा राहील का?

पारिजात (शिक्षिका, कोल्हापूर) यांचे उत्तर:

शाळेच्या प्रश्नावर मी शिक्षिका या नात्याने लिहिते. मूल शौच रोखून धरते तेव्हा मळ सुकून कडक होतो आणि दुसऱ्या दिवशी दुखणे वाढते, म्हणून हा प्रश्न औषधाइतकाच महत्त्वाचा आहे. वर्गशिक्षिकांना भेटताना डॉक्टरांचे छोटे पत्र बरोबर न्यावे. ‘या मुलाला केव्हाही, न विचारता, शौचालयात जाऊ द्यावे, शक्य तेथे वर्गातच राहू द्यावे, घरी पाठवण्याची घाई करू नये’, एवढा मजकूर त्यात पुरेसा आहे. वर्गातच राहू देण्याचा भाग पहिल्याइतकाच आवश्यक आहे, कारण पोट दुखताच घरी फोन लावणाऱ्या शाळेत मुलाचा अभ्यास आणि मित्र दोन्ही सुटतात.

आमच्या वर्गातील एका मुलाशी मी खूण ठरवली होती. कंपासपेटी बाकाच्या कोपऱ्यावर उभी ठेवली की तो बाहेर जाणार आहे असे मी समजायचे. हात वर करणे नाही आणि सर्वांसमोर बोलणे नाही. त्याची जागा दाराजवळच्या बाकावर दिली होती आणि दप्तरात एक जादा चड्डी, साबणाचा कागद आणि पाण्याची बाटली असे. पहिल्या आठवड्यात ती पेटी वरचेवर उभी राहिली, पुढे क्वचितच. केव्हाही जाता येते हे कळल्यावर त्याची धास्तीच कमी झाली.

स्वच्छतेबाबत मात्र पालकांनी संकोच करू नये. शिक्षणहक्क कायदा, २००९ प्रमाणे मुलामुलींसाठी स्वतंत्र शौचालये असणे शाळेला बंधनकारक आहे, आणि शाळा व्यवस्थापन समितीत किंवा पालक-शिक्षक सभेत कडी, पाणी, बादली आणि दैनंदिन सफाई हे विषय नावानिशी मांडता येतात. एका मुलाची तक्रार म्हणून न मांडता सर्व मुलांची गरज म्हणून मांडले, तर मुख्याध्यापकही लवकर हालचाल करतात असा माझा अनुभव आहे.

बकुळ यांचे पुढील उत्तर:

औषधांबद्दल स्पष्ट लिहितो. पेटके कमी करणारी औषधे कळ फार तीव्र असेल तेव्हा थोड्या दिवसांसाठी उपयोगी पडतात. ती महिनोन्‌महिने रोज देऊ नयेत. मुलांमधील कार्यात्मक, म्हणजे इजा किंवा सूज न सापडणाऱ्या, पोटदुखीवर एमिट्रिप्टिलिन या मूळच्या नैराश्यावरील औषधाची २००९ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी होती, तिच्यात खऱ्या गोळीने आणि बनावट गोळीने जवळजवळ सारखीच, म्हणजे निम्म्याहून अधिक मुले सुधारली. याचा अर्थ मुलांचे दुखणे खोटे होते असा नाही. धीर, नियमित भेटी आणि आता बरे वाटेल ही अपेक्षा यांचा या मज्जातंतूंवर प्रत्यक्ष परिणाम होतो, असा आहे. प्रोबायोटिक चार ते आठ आठवडे देऊन पाहावे आणि वहीत फरक दिसला नाही तर बंद करावे. पुदिन्याच्या तेलाच्या आवरणयुक्त कॅप्सूलचा मोठ्या मुलांना उपयोग झालेला आहे, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावी आणि चावू देऊ नये. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या पोटदुखीसाठी देऊ नयेत, कारण त्या जठराला त्रास देतात.

त्यापेक्षा भक्कम पुरावा मानसोपचाराच्या पद्धतींना आहे. बोधात्मक वर्तनोपचार (दुखण्याबद्दलचे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी ‘सीबीटी’ पद्धत) आणि आतड्यावर केंद्रित संमोहनोपचार यांचे चांगले परिणाम मुलांमध्ये दिसले आहेत. नेदरलँड्समध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संमोहनोपचार घेतलेल्या मुलांची सुधारणा वर्षानंतरही टिकून होती. नाशिक-पुण्यात मुलांबरोबर काम करणारे समुपदेशक आहेत. केवडा यांनी वर्णन केलेल्या श्वासाच्या सरावाची बैठक त्यांच्याकडून नीट बसवून घ्यावी. ‘मानसोपचार’ या शब्दाने घरात कोणी बिचकले, तर मेंदू आणि आतडे यांच्यातील तारेवर उपचार चालला आहे असे त्यांना सांगा, कारण तेच खरे आहे.

बरीच मुले महिन्यांत किंवा वर्ष-दोन वर्षांत या त्रासातून बाहेर पडतात. काहींना परीक्षा, प्रवास किंवा नवा जंतुसंसर्ग यांच्या निमित्ताने तो परत होतो आणि काहींना मोठेपणीही राहतो. सुधारणा मोजताना ‘आज किती दुखले’ हे मोजू नका. किती दिवस शाळा झाली, खेळायला गेला का, रात्री नीट झोपला का, हे वहीत पाहा; दुखणे बहुधा या सर्वांच्या मागून कमी होते. पुढच्या भेटीला ती वही, वजन-उंचीचा तक्ता आणि पूर्वीचे सर्व अहवाल घेऊन जा. लेंड्यांसारखे शौच अजून चालू असेल, तर आधी बद्धकोष्ठाचा उपचार पूर्ण करावा का, हा प्रश्न पहिल्यांदा विचारा, आणि नवे धोक्याचे लक्षण नसेल तर सोनोग्राफी पुन्हा करून घेण्याचा आग्रह धरू नका.